खोडून काढण्यासाठी केलेलं भाषांतर

सुमारे ११०० सालच्या ‘रोलाँ’च्या फ्रेंच वीरकाव्यात मुसलमान चक्क मूर्तिपूजक आहेत. लढाई हरली की ते चिडून आपल्याच देवांच्या मूर्ती फोडतात. ज्या धर्माला मूर्तीचंच वावडं, त्याच्याबद्दल हे! पॅरिसच्या आसपास मुसलमान दिसतच नसत, मग खातरजमा करणार कोण?

खातरजमा करायची बुद्धी झाली ती फ्रान्समधल्या क्लुनीचा ख्रिस्ती मठाधिपती पीटर याला. ११४२ मध्ये तो स्पेनला गेला. तिथे एब्रो नदीच्या खोऱ्यात त्याला रॉबर्ट आणि हरमन हे दोन विद्वान भेटले. ते आले होते अरबी ग्रंथांतलं खगोलशास्त्र शिकायला. पीटरने भरपूर पैसे मोजून त्यांना कुराणाच्या कामाला लावलं. ग्रहतारे काही काळ थांबले. मदतीला मुहंमद नावाचा एक मुसलमानही होता. ११४३ मध्ये लॅटिन कुराण तयार झालं. पीटरचा हेतू उघड होता: आधी वाचायचं, मग खोडून काढायचं. शस्त्राने नव्हे तर शब्दाने, असं तो म्हणे. तरी चारच वर्षांत मुसलमानांविरुद्धचं दुसरं धर्मयुद्ध (क्रूसेड) सुरू झालं.

पुढची चारशे वर्षं हे भाषांतर हस्तलिखितातच फिरत राहिलं. १५४२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या ओपोरिनस या मुद्रकाने ते छापायला घेतलं, तर नगरपरिषदेने प्रती जप्त करून त्यालाच तुरुंगात टाकलं. काळही तसाच होता. १५२६ मध्ये मोहाचच्या लढाईत हंगेरीचा राजा पडला होता आणि १५२९ मध्ये उस्मानी तुर्कांच्या फौजा व्हिएन्नाच्या वेशीपर्यंत येऊन गेल्या होत्या. ओपोरिनसच्या बाजूने पत्र लिहिलं ते प्रॉटेस्टंट धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने. तुर्कांचं सगळ्यात जास्त नुकसान करायचं असेल तर त्यांचा ग्रंथ लोकांपुढे उघडा करा, असा त्याचा युक्तिवाद. १५४३ मध्ये पुस्तक बाहेर पडलं.

माझ्या मते इस्लामबद्दलचा युरोपचा सूर पुढे बदलला तो ज्ञान वाढल्यामुळे कमी आणि भीती ओसरल्यामुळे जास्त. १६८३ मध्ये व्हिएन्नाचा दुसरा वेढा फसला, १६९९ च्या तहात उस्मानींना हंगेरीचा बहुतेक भाग सोडावा लागला, आणि १७०४ पासून गालाँने फ्रेंचमध्ये आणलेल्या ‘अरेबियन नाइट्स’च्या कथांवर पॅरिस लुब्ध झालं. कालचा शत्रू आता करमणुकीचा विषय होता. १७९८ मध्ये नेपोलियन इजिप्तमध्ये उतरला तेव्हा फौजेबरोबर दीडशेच्या वर विद्वान आणि कारागीर होते. त्यांनी मेहनतीने मोजमापं घेतली, चित्रं काढली. पण त्यामागे राज्य करायला निघालेल्याची नजर होती. कुतूहलाला वरचढपणाची जोड मिळाली, ती पुढचं शतकभर सुटली नाही.

लंडनचा वकील जॉर्ज सेल भीती आणि वरचढपणा या दोन टोकांच्या मधला. त्याचं १७३४ चं इंग्रजी कुराण बरंचसं माराची या कॅथलिक पंडिताच्या १६९८ च्या लॅटिन ग्रंथावर उभं आहे, आणि माराचीने तर पानोपानी खंडन केलं होतं. सेलने आपलं मत ख्रिस्तीच ठेवलं, पण शिव्याशाप गाळले आणि प्रस्तावनेत अरबांचा इतिहास, कायदा, चालीरीती नीट सांगितल्या.

१७६५ मध्ये कायद्याचा अभ्यास करणाऱ्या, पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेल्या थॉमस जेफरसनने सेलच्या कुराणाची प्रत विकत घेतली. ती आज लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहे. २००७ मध्ये अमेरिकी संसदेतले पहिले मुस्लिम सदस्य कीथ एलिसन यांनी याच प्रतीवर हात ठेवून शपथेचा समारंभ केला. ते कुराणावर शपथ घेणार हे कळताच, स्थलांतराला आळा घातला नाही तर असे आणखी मुसलमान निवडून येतील, असं व्हर्जिनियाच्या एका खासदाराने मतदारांना लिहिलं होतं. एलिसन जन्माने डेट्रॉइटचे, आणि जेफरसनचं घर त्या खासदाराच्याच मतदारसंघात.