बोटाच्या ठशावर सुरू होणारी गाडी

२००५ साली मलेशियात, क्वालालंपूरच्या एका उपनगरात, एका माणसाची मर्सिडीज एस-क्लास कोयतेवाल्या टोळीने अडवली. गाडी बोटाच्या ठशावर सुरू होणारी होती. टोळीने मालकाचं बोट दाबायला लावून ती सुरू करून घेतली आणि मालकालाही सोबत नेलं. पुढे गाडी पुन्हा सुरू करायची वेळ आली तेव्हा पुन्हा ठसा हवा होता. त्यांनी तर्जनीचं टोक तोडून घेतलं आणि मालकाला रस्त्याच्या कडेला टाकून ते निघून गेले.

त्या कुलपात काहीही बिघाड नव्हता. त्याला कुणी फसवलं नाही, त्याची वायर तोडली नाही. ते फक्त एकच गोष्ट मानत होतं, आणि ती गोष्ट एका जिवंत माणसाच्या हाताला होती. महागड्या, वेगवान गाड्या मालकाच्या हातून हिसकावल्या जातात त्यामागचं तंत्रज्ञान समजून घ्यायचं तर मला इथूनच सुरुवात करावीशी वाटते.

या गुन्ह्याला ‘कारजॅकिंग’ हे नाव मिळालं १९९१ मध्ये, अमेरिकेतल्या ‘द डेट्रॉइट न्यूज’ या वर्तमानपत्रात. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १९९२ मध्ये, मेरीलँड राज्यात भारतीय वंशाची एक रसायनशास्त्रज्ञ आपल्या तान्ह्या म्हणाव्या अशा मुलीला बालवाडीच्या पहिल्या दिवशी सोडायला निघाली होती. घराजवळच्या चौकात दोघांनी तिला बीएमडब्ल्यूमधून बाहेर ओढलं. तिचा हात सीटबेल्टमध्ये अडकला आणि गाडी तिला मैलभराहून जास्त फरफटत घेऊन गेली. ती वाचली नाही. मुलगी तिच्या बेबीसीटसकट रस्त्यावर फेकली गेली, पण वाचली. ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत कारजॅकिंग हा संघराज्याच्या कायद्याखालचा गुन्हा ठरला.

कायदा झाला तेव्हा गाडीचोरी तशी सोपी होती. स्टिअरिंगखालचं झाकण उचकटायचं, दोन वायरी जोडायच्या, झालं. हे बंद पाडलं ते इमोबिलायझरने. तुमच्या किल्लीची प्लास्टिकची मूठ उघडलीत तर आत एक इवलीशी चिप सापडेल. तिला स्वतःची बॅटरी लागत नाही. किल्ली घातली की कुलपाभोवतीच्या तांब्याच्या वेटोळ्यात सेकंदाला सुमारे सव्वा लाख आवर्तनं करणारा विद्युतप्रवाह वाहतो. त्याच्या चुंबकीय क्षेत्रातून चिपला वीज मिळते. मोबाइल वायरविना चार्ज होतो त्याच तत्त्वाने. मग गाडी चिपला एक वाटेल तो आकडा देते. चिप आपल्या पोटातल्या गुप्त संख्येने त्यावर गणित करते आणि उत्तर परत पाठवते. उत्तर जुळलं तरच इंजिन धरतं. दर वेळी आकडा नवा, म्हणून कालचं उत्तर चोरून आज उपयोग नाही. किल्लीचा पत्रा हुबेहूब कापून आणलात तरी गाडी ढिम्म हलत नाही.

युरोपीय संघात १९९८ पासून नव्या गाड्यांना इमोबिलायझर सक्तीचा झाला. नेदरलँड्समधल्या १९९५ ते २००८ या काळातल्या चोऱ्यांचा दोन अर्थशास्त्रज्ञांनी अभ्यास केला, तेव्हा या चिपमुळे गाडी चोरीला जाण्याची शक्यता सरासरी सुमारे ४० टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. अमेरिकेत अशी सक्ती नव्हती. २०११ नंतरच्या दहा वर्षांत तिथे विकल्या गेलेल्या किआ आणि ह्युंदाईच्या अनेक मॉडेलांत इमोबिलायझर बसवलाच नव्हता, आणि २०२१-२२ मध्ये शाळकरी वयाची पोरं यूएसबी केबलच्या टोकाने कुलूप फिरवून त्या पळवू लागली. एका स्वस्त चिपची किंमत यातून कळते.

अर्थात कुलूपंही फुटतात. एका प्रचलित इमोबिलायझरचं गणित तीन संशोधकांनी उलगडलं आणि २०१३ मध्ये ते प्रसिद्ध करणार होते. फोक्सवॅगनने ब्रिटनच्या न्यायालयातून मनाई आणली आणि शोधनिबंध २०१५ मध्ये बाहेर आला. तीच चिप पोर्शे, बेंटली, लॅम्बोर्गिनी अशा गाड्यांतही होती.

किल्ली खिशातच ठेवून दार उघडण्याची सोय आली, तेव्हा नवी फट पडली. गाडी क्षीण संदेश सोडते, किल्ली उत्तर देते, आणि उत्तर आलं म्हणजे किल्ली जवळ आहे असं गाडी गृहीत धरते. चोर दोघे असतात. एक घराच्या दाराशी अँटेना धरतो, दुसरा गाडीपाशी. आत खुंटीवर टांगलेल्या किल्लीशी गाडीचं बोलणं ते दोघे लांबवर पोहोचवतात. गणिताला हातही लागत नाही. स्वित्झर्लंडमधल्या ईटीएच झ्युरिक या संस्थेतल्या संशोधकांनी २०११ मध्ये आठ कंपन्यांच्या दहा मॉडेलांवर हा प्रयोग केला आणि दहाही उघडली.

यावरचा उतारा मला फार देखणा वाटतो. प्रकाश आणि रेडिओलहरी एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागात, साधारण ३० सेंटिमीटर जातात. अल्ट्रा-वाइडबँड तंत्राच्या किल्ल्या संदेशाला जाऊन यायला लागलेला वेळच मोजतात. किल्ली वीस मीटर लांब असेल तर उत्तराला उशीर होणारच, आणि कुठलाही चोर लहरींना प्रकाशापेक्षा वेगाने पळवू शकत नाही. ज्यांच्याकडे जुनी किल्ली आहे ते ती धातूच्या डब्यात ठेवतात. पण सगळे डबे सारखे नसतात. पातळ स्टीलच्या डब्यातून किंवा सैल झाकणातून लहरी निसटू शकतात. डबा घेऊन गाडीला खेटून उभे राहा आणि हँडल ओढून बघा. दार उघडलं तर डबा बदला.

आता वेगवान गाड्यांकडे येऊ. अमेरिकेतली डॉज चार्जर हेलकॅट ७०० हून जास्त हॉर्सपॉवरची. तिथल्या विमा आकडेवारीनुसार २०२० ते २०२२ च्या मॉडेलांत ती सरासरी गाडीच्या तुलनेत ६० पटींहून अधिक वेळा चोरीला जात होती. कंपनीने २०२१ मध्ये उपाय जाहीर केला: चार आकडी कोड टाकल्याशिवाय इंजिन मिनिटाला ६७५ फेऱ्यांच्या वर जाणार नाही आणि तीन हॉर्सपॉवरसुद्धा देणार नाही. म्हणजे दोन टनांची गाडी आणि ताकद आपल्या लुनाच्या पंगतीतली.

उभ्या गाडीसाठी हा उपाय झकास आहे. पण मालक कोड टाकून सिग्नलला थांबला असेल तर सगळे पहारे त्यानेच आधी उठवलेले असतात. त्या क्षणी गाडी चोरायला संगणक लागत नाही, कोयता पुरतो. कुलूप मजबूत झालं म्हणून प्रत्येक चोर दरोडेखोर होत नाही, आणि चिपमुळे वाचलेल्या गाड्या खरोखरच वाचलेल्या असतात. तरीही ज्याला तीच गाडी हवी आहे त्याच्यासाठी उरलेली वाट मालकाच्या अंगावरून जाते. रात्री तीन वाजता मालक झोपेत असताना गेलेली गाडी ही फक्त गेलेली गाडी असते. विम्याचे कागद भरावे लागतात, इतकंच.

अमेरिकेच्या न्याय विभागाने १९९३ ते २००२ या काळातल्या घटना तपासल्या. सुमारे तीन चतुर्थांश घटनांत शस्त्र होतं आणि निम्म्याहून जास्त घटना घरापासून पाच मैलांच्या आत घडल्या होत्या. म्हणजे आपण सर्वांत निर्धास्त असतो त्या टापूत. शस्त्र समोर आलं की नजर त्याच्यावरच खिळते. हल्लेखोराचा चेहरासुद्धा नंतर नीट आठवत नाही. मानसशास्त्रात हे प्रयोगांनी दाखवलेलं आहे. अशा वेळी चार आकडी कोड आठवेल, गुप्त बटण सापडेल, अशी अपेक्षा ठेवणारं यंत्र माणसाला ओळखतच नाही. सीटबेल्ट सोडायचा, मागे मूल आहे हे ओरडून सांगायचं, हात दिसतील असे ठेवायचे, एवढंच मेंदूला झेपतं, आणि तेवढंच करावं.

म्हणून बचाव नंतर सुरू व्हायला हवा. बिनकिल्लीच्या गाड्यांत एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. किल्ली मालकाच्या खिशात राहून गाडी पुढे गेली तरी इंजिन चालूच राहतं, कारण भर रहदारीत ते अचानक बंद पडणं जीवघेणं ठरेल. जनरल मोटर्सच्या ऑनस्टार सेवेने २००९ च्या मॉडेलांत वेगळी वाट काढली. मालकाने कळवायचं, पोलिसांनी गाडी नजरेच्या टप्प्यात आल्याची खात्री द्यायची, मग दूरवरच्या केंद्रातून इंजिनाला हुकूम जातो आणि ताकद हळूहळू कमी होते. स्टिअरिंग चालू, ब्रेक चालू, फक्त अ‍ॅक्सिलरेटर निकामी. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियातल्या व्हिसेलिया गावात शस्त्राच्या धाकाने हिसकावलेली एक शेवरले टाहो अशीच मंदावत थांबली. मालक तेव्हा तिच्या आसपासही नव्हता.