'डे' आणि 'दिवस' यांचं नातं का जुळत नाही?

इंग्रजी शब्दांचं मूळ संस्कृतात दाखवणाऱ्या याद्या मोबाइलवर सतत फिरत असतात. 'पितृ'वरून 'फादर', 'दिवस'वरून 'डे', सगळं एका दमात. यातलं पहिलं नातं खरं आहे, फक्त ते मायलेकीचं नाही, बहिणींचं आहे. दुसरं मुळातच चुकीचं. हा फरक नीट कळायला अभ्यासकांना जवळजवळ शतक लागलं.

सुरुवात कलकत्त्यात झाली. २ फेब्रुवारी १७८६ रोजी एशियाटिक सोसायटीपुढे सर विल्यम जोन्स यांनी मांडलं, की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच मूळ भाषेतून निघाल्या असाव्यात आणि ती भाषा कदाचित आज उरलेलीही नसेल. संस्कृत ही सगळ्यांची आई, असं त्यांनीही म्हटलं नव्हतं.

पण नुसत्या साम्यावर शास्त्र उभं राहत नाही. डेन्मार्कचे रास्मुस रास्क (१८१८) आणि जर्मनीचे याकोब ग्रिम (१८२२) यांनी ध्वनी कसे बदलतात याचे नियम दाखवले. 'पाद' आणि 'फूट' घ्या: मूळ भाषेतल्या 'प'चा इंग्रजीत 'फ' झाला, 'द'चा 'ट'. 'त्रि' आणि 'थ्री', 'दन्त' आणि 'टूथ' यांचंही तसंच. 'पेडल'मध्ये मात्र 'प' जागच्या जागी आहे, कारण तो शब्द इंग्रजीने खूप नंतर लॅटिन घराण्यातून उसना घेतला. 'डे' इथेच बाद होतो. 'दिवस'मधल्या 'द'चा इंग्रजीत 'ट' व्हायला हवा. तसा तो सापडतो 'ट्यूजडे'च्या पहिल्या भागात: टिव या जुन्या जर्मानिक (म्हणजे इंग्रजी, जर्मन यांच्या भाषाकुळातल्या) दैवताचं नाव आणि आपला 'देव' एकाच मुळाचे. फारसी 'बद' आणि इंग्रजी 'बॅड' तर उच्चारात आणि अर्थातही जुळतात, तरी त्यांचा काही संबंध नाही.

नियमाला अपवाद होतेच. संस्कृतात 'भ्रातृ' आणि 'पितृ' दोन्हींत 'त' आहे. जुन्या इंग्रजीत मात्र भावाच्या शब्दात अपेक्षेप्रमाणे 'थ' आणि बापाच्या शब्दात 'ड'. हे कोडं डेन्मार्कच्याच कार्ल व्हेर्नर यांनी १८७७ साली छापलेल्या लेखात सोडवलं. संस्कृतचं खरं योगदान मला इथे दिसतं, त्या याद्यांत नाही. वैदिक 'भ्राता'त आघात, म्हणजे उच्चारातला जोर, 'त'च्या आधीच्या स्वरावर येतो, 'पिता'त नंतरच्या. आघात आधी होता तिथे 'थ' राहिला, नव्हता तिथे पुढे 'ड' झाला. जर्मानिक भाषांनी हा आघात केव्हाच शब्दाच्या पहिल्या अवयवावर पक्का करून टाकला होता. त्याची जुनी जागा कळली ती वेदपठणाने जपलेल्या उदात्त-अनुदात्त या उंच-खालच्या सुरांवरून.