पंप ठेवताना फुल चार्ज नको

उन्हाळ कांदा निघाला की निफाड-चांदवडकडे फवारणीचा पाठीवरचा बॅटरी पंप पावसाळ्यापर्यंत पत्र्याच्या शेडमध्ये जातो. ठेवण्याआधी तो फुल चार्ज करायचा, हा जुना नेम. लेड-ॲसिड बॅटरीला तो योग्यच होता, कारण ती उतरलेली पडून राहिली की शिशाच्या प्लेटांवर सल्फेटचे कडक खडे धरतात आणि मग ती चार्ज धरत नाही. आता मात्र बऱ्याच पंपांत लिथियम-आयन बॅटरी येते. तिला हाच नेम बाधतो.

चार्जिंग होताना लिथियमचे आयन धन बाजूकडून निघून ऋण बाजूच्या ग्रॅफाइटच्या थरांत शिरतात. तिथे ग्रॅफाइटवर सुरुवातीलाच एक पातळ पापुद्रा धरतो. तो हवाच, तो नसता तर आतला द्रव ग्रॅफाइटपाशी झपाट्याने विघटित होत राहिला असता. पण हा पापुद्रा वापराविनाही जाड होत जातो आणि त्यात अडकलेलं लिथियम कायमचं वाया जातं. बॅटरी जितकी भरलेली आणि जितकी गरम, तितकी ही झीज वेगाने होते. मे महिन्यात नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो, पत्र्याखाली त्याहून वर. म्हणजे फुल चार्ज पंप शेडमध्ये नुसता पडून म्हातारा होतो.

सातपूर-अंबडला दिवसभर उन्हात उभ्या राहणाऱ्या ई-स्कूटरचंही तेच. घरी आल्याआल्या चार्जर लावू नये, आधी गाडी निवू द्यावी. रोजच्या धावपळीला 80 टक्के पुरत असतील तर तिथेच थांबावं. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारची बॅटरी असेल तर मात्र कंपनीचं पुस्तक पाहावं. चार्ज किती उरला याचा अंदाज बरोबर राहावा म्हणून तिला अधूनमधून 100 टक्के करायला सांगतात.

‘पूर्ण उतरू दे, मगच चार्जिंगला लाव’ हा मोबाइलबाबतचा सल्ला निकेल-कॅडमियमच्या काळातला. लिथियमला उलट थोडं थोडं चार्जिंग मानवतं. आणि निफाडच्या थंडीचा बाऊ नको: चार्जिंगला खरा धोका शून्याच्या खाली.

पंप अगदी उतरवूनही ठेवू नये. बॅटरी आपोआप थोडी थोडी उतरतेच. सेलचा व्होल्टेज फार खाली गेला तर आतलं तांबं विरघळू लागतं, आणि संरक्षक सर्किट चार्जिंगच नाकारू शकतं. बॅटरी निम्मी भरलेली असावी, पंपातून निघत असेल तर काढून घरातल्या गार खोलीत ठेवावी आणि महिन्या-दोन महिन्यांनी एकदा पाहावी.