दाराबाहेर न जाता: ‘द इनर लाइट’ची पार्श्वभूमी

साठच्या दशकातल्या रॉकमध्ये तत्त्वज्ञान आलं कुठून, असं विचारलं की बहुतेक जण एलएसडी या भ्रम निर्माण करणाऱ्या अमली पदार्थाकडे बोट दाखवतात. मला ते अर्धंच खरं वाटतं. उरलेलं अर्धं पुस्तकांतून आलं. १९६६ च्या ‘टुमॉरो नेव्हर नोज’ या बीटल्सच्या गाण्यासाठी जॉन लेननने तिबेटी मृत्युग्रंथावर बेतलेलं अमेरिकन मानसशास्त्रज्ञ टिमथी लिअरी आणि सहकाऱ्यांचं पुस्तक वापरलं. त्याच बँडमधल्या जॉर्ज हॅरिसनच्या ‘द इनर लाइट’ या गाण्यामागे तर एका शिक्षकाचं पत्र आहे.

ते शिक्षक म्हणजे हुआन मास्कारो. मूळचे स्पेनच्या मायोर्का बेटाचे, केंब्रिजमध्ये संस्कृत शिकवणारे. गीता आणि उपनिषदांचे त्यांचे इंग्रजी अनुवाद पेंग्विनने काढले होते. १९६७ च्या शरदात डेव्हिड फ्रॉस्टच्या टीव्ही कार्यक्रमात ध्यानधारणेवर चर्चा झाली. तिथे लेनन आणि हॅरिसन होते, मास्कारोही होते. पुढे त्यांनी हॅरिसनला ‘लॅम्प्स ऑफ फायर’ हा आपला वेचा-संग्रह पाठवला आणि त्यातल्या ‘ताओ ते चिंग’ या प्राचीन चिनी ग्रंथाच्या ४७ व्या प्रकरणाला चाल लावून पाहा, असं सुचवलं. त्या प्रकरणाचा आशय असा: दाराबाहेर पाऊल न टाकता जग जाणता येतं, जो जितका लांब जातो, त्याला तितकं कमी कळतं. ‘तुझे आहे तुजपाशी’ ऐकत वाढलेल्या आपल्या कानांना हे परकं वाटत नाही.

चाल मात्र मुंबईत ध्वनिमुद्रित झाली. जानेवारी १९६८ मध्ये ‘वंडरवॉल’ चित्रपटाच्या संगीतासाठी हॅरिसन फोर्टातल्या एचएमव्हीच्या स्टुडिओत आला होता. तिथे बाहेरचा आवाज आत यायचा. संध्याकाळी साडेपाचला कचेऱ्या सुटल्या की जिन्यावरून उतरणाऱ्यांच्या पावलांचा धडधडाट व्हायचा आणि काम थांबवावं लागायचं, असं त्यानेच नंतर सांगितलं. त्याच मुक्कामात ‘द इनर लाइट’चा वाद्यांचा भाग झाला. आशिष खाँ यांचा सरोद आणि हरिप्रसाद चौरसियांची बासरी त्यात आहे. गिटार नाही, ड्रम नाहीत. रॉक बँडच्या नावावर निघालेल्या गाण्यात हे फार मोठं धाडस होतं, आणि आजही ते नीट ओळखलं जात नाही. वाद्यं जोरात धावतात, शब्द आले की संथ होतात. आत वळणं म्हणजे काय, ते इथे लयीतच ऐकू येतं.

गाणं लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत फेब्रुवारीत पूर्ण झालं. सूर उंच, त्यामुळे हॅरिसन गायला बिचकत होता. बँडमधल्याच पॉल मॅकार्टनीने त्याला धीर दिला. शब्दांत हॅरिसनने एकच मोठा बदल केला. मूळ कडव्यात ‘माझं दार’ आहे. मी एकटाच जाणता, असा कुणाचा गैरसमज होऊ नये म्हणून त्याने तेच कडवं पुन्हा घेतलं आणि दुसऱ्यांदा ‘तुझं दार’ केलं.

१५ मार्च १९६८ ला ते ‘लेडी मॅडोना’ या बीटल्सच्या गाण्याच्या तबकडीवर मागच्या बाजूला निघालं. बीटल्सच्या सिंगलवर, म्हणजे एकेका गाण्याच्या छोट्या तबकडीवर, आलेलं हॅरिसनचं हे पहिलं गाणं. तेव्हा तो ऋषिकेशला होता.