ऑईल सील तेल अडवत नाही, परत आत ढकलतं

गाडीखाली तेलाचे थेंब दिसले की "सील गेलंय, नवीन टाका" हा सल्ला लगेच मिळतो. त्यामागची समजूत अशी की सील म्हणजे रबराची बांगडी, ती शाफ्टला घट्ट आवळून तेल अडवते आणि सैल झाली की गळते. ही समजूत चुकीची आहे आणि त्यापायीच कित्येकदा नवं टाकलेलं सीलसुद्धा पुन्हा गळायला लागतं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी गळती शोधायची कशी ते बघू. थेंब पडतो तिथेच गळती असते असं नाही. टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनच्या माथ्यावरच्या झाकणाच्या, पॅकिंगमधून झिरपलेलं तेल इंजिनच्या अंगावरून खाली उतरतं, गाडी पळताना वारा ते मागे नेतो आणि शेवटी ते चेंबरच्या (इंजिनच्या तळाशी तेल साठतं त्या भांड्याच्या) कडेला लोंबकळतं, मग बिचाऱ्या चेंबरच्या पॅकिंगवर आळ येतो. म्हणून इंजिन डिग्रीझरने धुवायचं, कोरडं करायचं, थोडं चालवायचं आणि सगळ्यात वरचा, सगळ्यात पुढचा ओला भाग शोधायचा. तरीही कळलं नाही तर तेलात चमकणारा डाय टाकून यूव्ही टॉर्च मारायचा, तेलाची वाट हिरवी-पिवळी उजळून दिसते. फिल्टर बदलताना जुनी रबर रिंग इंजिनलाच चिकटून राहिली का, ड्रेन प्लगचा वॉशर दबलाय का, ऑईल प्रेशर स्विच ओला आहे का, ही स्वस्तातली कारणं आधी बघा.

आता क्रँकशाफ्टचं, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या इंजिनच्या मुख्य दांड्याचं, सील. समजा शाफ्टचा व्यास 80 मिमी आहे आणि इंजिन 3000 आरपीएमवर फिरतंय, तर सीलच्या ओठाखालून (शाफ्टला टेकणाऱ्या रबराच्या पातळ कडेखालून) पोलाद सेकंदाला साधारण साडेबारा मीटर, म्हणजे ताशी 45 किमी वेगाने सरकतंय. कोरडं रबर यात काही मिनिटांत जळून जाईल. ते जळत नाही कारण ओठ आणि शाफ्ट यांच्यामध्ये तेलाचा अतिशय पातळ थर असतो, साधारण एक मायक्रॉन किंवा त्याहून कमी, आणि असा थर असतो हे 1957 मध्ये जॅगर या संशोधकाने दाखवून दिलं. म्हणजे ओठाखाली तेल आहेच, तरी बाहेर येत नाही. का?

गंमत ओठाच्या दोन उतारांत आहे. तेलाकडचा उतार उभा, हवेकडचा पसरट, त्यामुळे दाबाचं शिखर मध्यावर न येता तेलाच्या बाजूला सरकलेलं असतं. रबराच्या पृष्ठभागावर सूक्ष्म उंचवटे असतात, शाफ्ट फिरताना ते ओढले जातात, जिथे दाब जास्त तिथे जास्त आणि कडेला कमी, म्हणून ते तिरके होऊन त्यांची बारीक पाती तयार होतात. शिखराच्या दोन्ही बाजूंची पाती तेल शिखराकडेच ढकलतात, पण हवेकडची बाजू लांब आहे, तिचा जोर जास्त, म्हणून एकूण ढकलणं हवेकडून तेलाकडे होतं. थोडक्यात सील हा एक छोटा पंप आहे! तेच सील उलटं बसवलं तर तो तेवढ्याच इमाने तेल बाहेर टाकतो. इंजिन बंद असताना मात्र पंप नसतो, तेव्हा ओठामागची गोल स्प्रिंग आणि पृष्ठताण यांच्यावर काम भागतं.

हे कळलं की रिपेअरिंगमधल्या चुका आपोआप दिसतात. शाफ्टवर झिरो पेपर (बारीक पॉलिश पेपर) आडवा-तिडवा घासला की मळसूत्रासारखे ओरखडे पडतात आणि फिरण्याची दिशा जुळली तर तेच तेल बाहेर खेचतात. मऊ रबराने पोलादाला खाच पडते हे अनेकांना पटत नाही, पण ओठात रुतलेले कण ते काम करतात. नखाला खाच लागत असेल तर नवं सील किंचित पुढे-मागे बसवायचं, किंवा शाफ्टवर पातळ स्लीव्ह (धातूची बाही) चढवायची.

आणि दाब! पिस्टन रिंगांतून थोडा गॅस खाली चेंबरमध्ये येतोच, तो पीसीव्ही व्हॉल्व्ह नावाच्या झडपेतून पुन्हा इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनात हवा जाते त्या वाटेत, जातो. तो व्हॉल्व्ह चोंदला की आतला दाब वाढतो, ओठ शाफ्टवर चपटा होतो, उतारांचा हिशोब बिघडतो आणि धडधाकट सील गळायला लागतं. पेट्रोल गाडी आयडलवर ठेवून ऑईल भरायचं झाकण काढा आणि तोंडावर जाड कार्ड धरा. कार्ड हलकंसं चिकटलं तर ठीक, उडवलं जात असेल तर आधी पीसीव्ही आणि त्याचे पाइप बघा, ते साफ असतील तर रिंगा झिजल्या असण्याची शक्यता. गिअरबॉक्स उतरवून क्रँकशाफ्टचं मागचं सील बदलायच्या आधी ही पाच मिनिटं द्याच, कारण खर्च सीलचा नसतो, मजुरीचा असतो.

बाजारातल्या "गळती बंद" बाटल्या रबर थोडं फुगवतात, कडक झालेल्या सीलला काही दिवस आधार मिळतो इतकंच. फाटलेला ओठ, शाफ्टवरची खाच, चोंदलेला व्हॉल्व्ह यांवर बाटली काहीच करत नाही, जाहिरात काहीही म्हणो.

बसवताना रबरी ओठाला तेलाचं बोट लावा, पण टेफ्लॉनचं सील असेल तर ते कोरडंच बसवायचं असतं, त्याला शाफ्टवर स्वतःचा थर चढवावा लागतो आणि तेल मध्ये आलं की तो नीट बसत नाही. काम झाल्यावर इंजिन-गिअरबॉक्सच्या जोडाखाली पहिले एक-दोन दिवस थोडं तेल दिसू शकतं, ते आत साचलेलं जुनं असतं, पुसून घ्या आणि आठवड्याने पुन्हा टॉर्च मारून बघा.