खिळ्याचं माप, शाईचं माप

रिपोर्ट वर्डमध्ये, ड्रॉइंग ऑटोकॅड या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये, आणि दोन्ही एकाच फाइलीत बांधून द्यायचे. साहेबांचं म्हणणं, अक्षर सगळीकडे सारखं दिसू दे. रिपोर्टात एरियल फॉन्ट १० पॉइंटाचा आहे. मग कोणीतरी हिशेब मांडतो: इंचात ७२ पॉइंट, म्हणजे एक पॉइंट ०.३५२८ मिमी, दहाचे झाले साडेतीन. कॅडमध्ये टेक्स्टची उंची ३.५ टाकली जाते, प्रिंट निघते, आणि ड्रॉइंगवरचं अक्षर रिपोर्टातल्या अक्षरापेक्षा जवळजवळ ४० टक्के मोठं! हिशेब चुकलेला नसतो. मोजलेली वस्तूच वेगळी असते.

पॉइंट हे माप छापखान्यातलं. पॅरिसच्या फूर्निए या खिळे ओतणाऱ्याने १७३७ मध्ये खिळ्यांच्या, म्हणजे छपाईच्या शिशाच्या अक्षर-ठोकळ्यांच्या, मापांचं कोष्टक प्रसिद्ध केलं, पुढे तिथल्याच दिदो या छापखानेवाल्याने ते तिथल्या राजमान्य इंचाशी जोडलं. त्याचा पॉइंट ०.३७६ मिमी. अमेरिकेतल्या खिळे ओतणाऱ्यांनी १८८६ मध्ये आपला निराळा ठरवला, ०.३५१ मिमीचा. आज संगणक वापरतो तो इंचाचा नेमका ७२वा भाग, १९८०च्या दशकात पोस्टस्क्रिप्ट या प्रिंटरला पान सांगणाऱ्या भाषेबरोबर रुळलेला. माप बदलत गेलं, पण मोजायचं काय ते बदललं नाही: शिशाच्या खिळ्याची उंची. खिळ्यावर 'जी'ची खाली लोंबणारी शेपटी मावली पाहिजे, 'एच'चा वर गेलेला दांडाही मावला पाहिजे, आणि ओळीतले सगळे खिळे एका उंचीचे हवेत, नाहीतर खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याची ओळ बसणार कशी? त्यामुळे १० पॉइंटाच्या खिळ्यावर १० पॉइंट उंचीचं अक्षर बहुधा नसतंच. शिसं गेलं, खिळा फॉन्टच्या फाइलीत अदृश्य चौकट होऊन राहिला.

ड्राफ्ट्समनला खिळ्याशी देणंघेणं नव्हतं. तो पेन्सिलीने दोन फिक्या रेघा मारायचा आणि त्यांच्यामध्ये कॅपिटल अक्षर बसवायचा. त्याची उंची म्हणजे कागदावरच्या शाईची उंची. ती किती असावी, हे पुढे कागदानेच ठरवलं. जर्मनीत १९२२ साली डीआयएन ४७६ हे मानक आलं. त्यात कागदाच्या बाजूंचं गुणोत्तर २चं वर्गमूळ, म्हणजे सुमारे १.४१. ए३ कागद ए४वर आणला की सगळी मापं ७१ टक्क्यांवर येतात. झेरॉक्सवाल्याच्या मशीनवर ७१चं बटण असतं ते यामुळेच. १९७०च्या दशकात आलेल्या आयएसओ ३०९८ या आंतरराष्ट्रीय मानकाने अक्षरांची मापंही याच पटीत बांधली: २.५, ३.५, ५, ७, १०, १४, २०. रेघांच्या जाड्याही तशाच: ०.२५, ०.३५, ०.५, ०.७. म्हणजे ए३वरचं ५ मिमीचं अक्षर ए४वर आलं की साडेतीनचं होतं, ०.५ची रेघ ०.३५ची होते, आणि दुरुस्ती करायला पुढच्या मापाचा स्टेन्सिल आणि पेन तयार असतो. ०.३५चं पेन पिवळ्या रिंगचं, ०.५चं तपकिरी. इतकी घट्ट बसणारी व्यवस्था मला तरी दुसरी ठाऊक नाही. आपल्याकडे डिप्लोमाच्या पहिल्या वर्षी लेटरिंगची शीट करताना हेच आकडे पाठ व्हायचे, फक्त ते कुठून आले हे कोणी सांगत नसे.

ऑटोकॅड १९८२चं. त्याने ड्राफ्ट्समनची रीत उचलली: त्याच्या एसएचएक्स फॉन्टमध्ये उंची म्हणजे कॅपिटलची उंची. वर्डने जुळाऱ्याची रीत उचलली. एरियलचं कॅपिटल चौकटीच्या ०.७१६ पट असतं, म्हणून १० पॉइंटाचं कॅपिटल भरतं २.५३ मिमी. कॅडमध्ये टाकायचं होतं २.५. साडेतीन हवं असेल तर वर्डमध्ये १४ पॉइंट. टाइम्स न्यू रोमनचं कॅपिटल ०.६६ पटच असल्याने त्याला २.५साठी पावणेअकराच्या आसपास जावं लागतं. कॅडमध्ये विंडोजचे ट्रूटाइप फॉन्ट घेतले तर उंचीत थोडा फरक पडू शकतो. एक 'एच' प्रिंट करून पट्टीने मोजावा, वाद मिटतो.

देवनागरीत हा ताळा बसत नाही. कॅपिटल नाहीत, शिरोरेषेपासून पायापर्यंत मोजलं तरी वरची वेलांटी आणि खालचा उकार बाहेरच राहतात, आणि प्रत्येक फॉन्ट चौकटीतली जागा आपापल्या मर्जीने वाटतो. मराठी टीप असलेल्या ड्रॉइंगवर पॉइंटाचं कोष्टक बाजूला ठेवून डोळ्यांनीच जुळवलेलं बरं.

एवढं जुळवूनही एक घोळ उरतो. ए३ ड्रॉइंग चित्र म्हणून वर्डच्या उभ्या ए४ पानात टाकलं, दोन्हीकडे २५ मिमी समास सोडला, तर ४२० मिमीची रुंदी १६०वर येते. काळजीपूर्वक ठरवलेलं २.५चं अक्षर तिथे ०.९५ मिमी होतं, एरियलच्या हिशेबात ४ पॉइंटांपेक्षाही लहान. ड्रॉइंग त्या पानात जाणार हे आधी ठाऊक असेल, तर कॅडमध्ये अक्षर ७ मिमीचं घ्यावं लागतं.