खिम्याच्या गोळ्यातलं चीज कुठे पळतं?

चीज भरलेले खिम्याचे कोफ्ते तळताना बहुतेक घरांत एकच प्रकार होतो. कढईत सोडेपर्यंत गोळे गुळगुळीत, देखणे असतात. थोड्या वेळाने एखाद्याला बारीक चीर पडते, तिच्यातून पांढरा फुगा डोकावतो, तेल तडतडतं आणि ताटात पोकळ कोफ्ता येतो. मग दोष चीजला द्यायचा किंवा ज्याने गोळे वळले त्याच्या हाताला. खरं तर आत दोन प्रथिनांची शर्यत लागलेली असते. मांसातलं प्रथिन उष्णतेने घट्ट होतं, चीजमधलं सैल होतं, आणि कोफ्ता टिकणार की फुटणार हे त्यांच्यातलं आधी कोण यावर ठरतं. नर्गिसी कोफ्त्यात ही भानगडच नाही. आतलं उकडलेलं अंडं एकदा घट्ट झालं की कितीही तापवा, पुन्हा पातळ होत नाही.

आकडे पाहू. खिम्यातलं मायोसिन हे प्रथिन साधारण ५० अंश सेल्सिअसला उलगडायला लागतं आणि त्याचे धागे एकमेकांत गुंतून जाळं बनतं. कच्चा गोळा आकार धरतो तो इथे. चीज साधारण ५५ ते ६५ अंशांच्या दरम्यान वाहायला लागतं. उष्णता बाहेरून आत येते, त्यामुळे खिम्याच्या भिंतीला आघाडी आयतीच मिळते. तरीही ती फुटते, कारण ६५-७० अंशांच्या आसपास ॲक्टिन हे दुसरं प्रथिन आवळायला लागतं आणि स्नायूंभोवतीचं कोलॅजनही आकसतं. भिंत आत दाबते, चीज एव्हाना पातळ झालेलं असतं, आणि भिंत जिथे सर्वांत कच्ची असेल तिथून ते वाट काढतं.

मग ६५ अंशांवरच गॅस बंद का करू नये? कारण तो खिमा आहे. मांसाच्या अख्ख्या तुकड्यावरचे जिवाणू बहुतेक पृष्ठभागावरच असतात, पण यंत्रातून काढताना तोच पृष्ठभाग सगळीकडे मिसळतो. म्हणून मटणाचा खिमा आतपर्यंत ७१ अंश आणि कोंबडीचा ७४ अंश तापलाच पाहिजे. भिंत आकसणार हे धरूनच चालायचं आणि आकसूनही न फुटणारी भिंत बांधायची.

त्यासाठी सगळ्यात कामाचं आहे मीठ. मायोसिन साध्या पाण्यात विरघळत नाही, खारट पाण्यात विरघळतं. अर्धा किलो खिम्याला चहाचा सपाट सव्वा चमचा मीठ घालून नुसत्या खिम्याला मळत राहा. सुरुवातीला दाणे सुटे, बोटांतून निसटणारे असतात. काही मिनिटांत रंग किंचित फिकटतो, तळहाताला चिकट ओढ लागते, आणि हात उपडा केला तरी खिम्याची चिमूट खाली पडत नाही. ही चिकटाई म्हणजे विरघळून बाहेर आलेलं मायोसिन. हॅम्बर्गरच्या टिक्कीत ती नको असते, कारण टिक्की भुसभुशीत हवी. इथे मात्र तीच हवी, त्यामुळे ‘खिमा जास्त मळू नका’ हा सल्ला या पदार्थापुरता बाजूला ठेवायला हरकत नाही. फक्त खिमा फ्रीजमधून काढल्या काढल्या मळावा. मुंबईच्या स्वयंपाकघरात तो लगेच कोमट होतो, चरबी मऊ पडून दाण्यांवर माखली जाते आणि प्रथिनं एकमेकांना धरू शकत नाहीत.

नुसतं मायोसिन असलं तर गोळा रबरासारखा होतो, म्हणून दुधात भिजवलेला पाव. पावातल्या पिठूळ भागाने पाणी धरून ठेवलेलं असतं, आणि तो प्रथिनांच्या धाग्यांमध्ये बसून त्यांना फार आवळू देत नाही. आपल्याकडे पंढरपुरी डाळ्याची पूड घालतात, तीही हेच काम करते. डाळं आधीच भाजलेलं असल्यामुळे ते बेसनासारखं कच्चं लागत नाही. कांदा मात्र जपून. कच्चा, जाडसर चिरलेला कांदा मिठाने पाणी सोडतो आणि त्याचा प्रत्येक तुकडा भिंतीतली एक फट असतो. कांदा परतून, गार करून घालावा. आणि कच्ची पपई तर नकोच. शिककबाबाचं मटण मऊ करणारं तिच्यातलं पपेन प्रथिनांचे धागे कापतं, तापताना काही काळ आणखीच जोराने कापतं. जी भिंत आपण मळून मळून बांधली, तिलाच ते आतून पोखरणार.

आता आतला गडी. चीजमध्ये दुधातलं केसिन हे प्रथिन कॅल्शियमच्या सांध्यांनी जोडलेलं असतं. तापल्यावर आधी चरबी वितळते, मग हे सांधे सैल होतात आणि चीज वाहतं. पनीर असं वितळत नाही, कारण ते आम्लाने नासवलेलं असतं. आम्लामुळे कॅल्शियमचा बराच भाग पाण्याबरोबर निघून जातो आणि केसिनचे कण एकमेकांना घट्ट बिलगून बसतात. पनीर भरलेला कोफ्ता म्हणूनच फुटत नाही, पण त्यात मजाही नाही.

मोझरेला ताणलं जातं, तारा छान निघतात, फोटो झकास येतो. पण त्याचा जवळपास निम्मा भाग पाणी असतो आणि तापल्यावर ते पटकन पातळ होतं. माझं मत विचाराल तर भरायला साधं प्रोसेस्ड चीजच बरं. स्वित्झर्लंडमध्ये वॉल्टर गर्बर आणि फ्रिट्झ श्टेटलर यांनी १९११च्या सुमारास चीजमध्ये सोडियम सायट्रेट हा क्षार घालून पाहिला, आणि १९१६मध्ये अमेरिकेत जेम्स क्राफ्ट यांनी प्रोसेस्ड चीजच्या आपल्या पद्धतीचं पेटंट घेतलं. असे क्षार कॅल्शियमला बाजूला करतात, मोकळं झालेलं केसिन चरबीच्या थेंबांना लपेटून घेतं, आणि चीज तापलं तरी तेल सोडत नाही, दाटसर राहतं. दाटसर चीज बारीक फटीतून सहज निसटत नाही. जुनं, मुरलेलं चेडर याच्या अगदी उलट, तेल सोडायला टपलेलं.

भूमितीकडे कुणी लक्ष देत नाही, पण अर्धी भांडणं तिथलीच. समजा गोळा ४ सेंटिमीटर व्यासाचा आहे आणि २५ ग्रॅमच्या क्यूबचे आठ तुकडे करून एकेक आत ठेवला. तुकड्याची बाजू साधारण दीड सेंटिमीटर. त्याच्या सपाट बाजूसमोर भिंत सव्वा सेंटिमीटर जाड राहते, पण कोपऱ्यासमोर जेमतेम पाऊण सेंटिमीटर. फुटतं ते बहुधा कोपऱ्यापाशी. चीजचा तुकडा हातात दाबून आधी गोल करून घेतला तर भिंत चहूकडून सारखी होते.

दुसरी चूक म्हणजे आत अडकलेली हवा. पाणी उकळून वाफ होईपर्यंत धोका नाही असं वाटतं, पण ओलसर जागेत कोंडलेली फ्रीजच्या तापमानाची हवा ७५ अंशांपर्यंत नुसत्या प्रसरणाने आणि तिच्यात मिसळणाऱ्या बाष्पाने जवळपास दुप्पट जागा मागते. म्हणून खिम्याची पारी चीजला सगळीकडून चिकटवून हवा बाहेर काढायची आणि मगच तोंड मिटायचं. मोदकाची पारी मिटवणाऱ्यांना हे शिकवायला नको.

चीज फ्रीझरमध्ये कडक करून भरणं ही युक्ती खरीच चालते. १ ग्रॅम बर्फ वितळायला जितकी उष्णता लागते, तितक्यात १ ग्रॅम पाणी शून्यावरून जवळपास ८० अंशांपर्यंत तापतं. गोठलेलं चीज त्यामुळे शर्यतीत चांगलंच उशिरा उतरतं. पण त्याला चिकटलेला खिमाही तेवढाच वेळ थंड राहतो, हे विसरलं जातं. बाहेरून खमंग तांबूस झालेला गोळा आतून कच्चा असू शकतो. तांबूसपणा येतो तो पृष्ठभाग सुकून १४० अंशांच्या वर गेल्यावर होणाऱ्या मेलार्ड अभिक्रियेमुळे, आणि ती आतल्या तापमानाबद्दल काहीच सांगत नाही. तापमापीची सुई चीजला लागून असलेल्या खिम्यात टोचून पाहायची तर भोक पडतं, म्हणजे घाण्यातला एक गोळा बळी द्यायचा. आकारही फार वाढवू नये. व्यास ३चा ४ सेंटिमीटर केला तर गाभा तापायला लागणारा वेळ पावणेदोन पटींहून थोडा जास्त होतो.

म्हणून आधी तेलात फक्त रंग आणायचा आणि उरलेलं शिजणं रश्शात करायचं, ही कोफ्त्याची जुनी रीत मला सर्वांत शास्त्रशुद्ध वाटते. तेल १७०-१८० अंशांवर असतं, तर मंद आचेवरचा रस्सा शंभराच्या खालीच राहतो. बाहेर आणि आत यांच्यातली तफावत कमी होते, भिंत हळूहळू आकसते आणि चीजला अचानक धक्का बसत नाही. रस्सा खळखळ उकळू द्यायचा नाही, गोळे एकमेकांवर आपटतात. रस्सा टोमॅटोचा असेल आणि एखादा गोळा फुटलाच, तर चीजचे दाणे दाणे होतात, कारण आंबटपणाने केसिनचे कण गोळा होऊन बसतात. कांदा-खोबऱ्याच्या वाटणात हे फारसं होत नाही. तिथे फुटलेलं चीज रस्सा थोडा दाट करतं आणि कुणाला कळतही नाही.

अमेरिकेत मिनियापोलिसला ‘ज्युसी ल्युसी’ नावाचा बर्गर मिळतो, त्यात चीज टिक्कीच्या पोटात भरलेलं असतं. तिथले दोन बार तो पहिला कुणी केला यावरून अजून भांडतात, पण तो गरमागरम चावू नये यावर वाद नाही. वितळलेलं चीज पाण्यासारखं ओघळून जात नाही, टाळूला चिकटून बसतं आणि भाजत राहतं. कोफ्ते रश्शातून काढल्यावर पाचेक मिनिटं ताटलीत तसेच राहू द्यावेत. तेवढ्यात चीज दाटतं आणि कापल्यावर ताटभर पसरत नाही. लहान मुलांना मात्र अर्धा करून, बोटाने तपासूनच वाढावा.